भाषेची 'बोली' कधी होते? जपानी बोलींचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे जपानी भाषेच्या बोली. काही श्रोत्यांना वाटेल, आम्हाला मूळ जपानीच येत नाही, तिच्या बोलींचं काय घेऊन बसलात? शंका रास्त आहे. पण आज आपण जपानी शिकणार नाही. आपण इतिहासातला एक प्रश्न घेणार आहोत. माणसं जे बोलतात त्याला 'बोली' हे नाव कधी मिळतं, ते कोण देतं, आणि ते मिळाल्यावर त्या माणसांचं काय होतं? जपानमध्ये ही गोष्ट साधारण शंभर वर्षांच्या आत घडली आणि तिचे कागद शिल्लक आहेत. अहवाल आहेत, नकाशे आहेत, पाठ्यपुस्तकं आहेत, लष्करी हुकूमसुद्धा आहेत. म्हणून या प्रश्नासाठी जपानचं उदाहरण फार उपयोगी पडतं.

सुरुवात जुन्या काळापासून करू. आठव्या शतकात 'मान्योशू' नावाचा प्रचंड काव्यसंग्रह तयार झाला. वीस खंड, साडेचार हजारांच्या आसपास कविता. राजधानी होती नारा, म्हणजे पश्चिम जपानात. पण या संग्रहाच्या चौदाव्या खंडात 'आझुमा', म्हणजे पूर्वेकडच्या प्रांतांतल्या लोकांच्या कविता आहेत. विसाव्या खंडात सीमेवर पहाऱ्यासाठी धाडलेल्या पूर्वेकडच्या शिपायांच्या रचना आहेत, त्या ७५५ साली गोळा केलेल्या. त्यांची भाषा दरबारी भाषेपेक्षा वेगळी आहे आणि संग्राहकांनी ती बरीचशी तशीच राहू दिली. म्हणजे जपानी भाषेचे लेखी पुरावे जितके जुने, जवळजवळ तितकाच तिच्यातला पूर्व-पश्चिम भेदही जुना.

यातली गंमत बघा. तोक्योच्या दक्षिणेला समुद्रात सुमारे २९० किलोमीटरवर हाचिजो नावाचं बेट आहे. त्या आझुमा बोलीतली विशेषणांची काही रूपं मुख्य भूमीवर केव्हाच संपली, ती या बेटावर टिकून राहिली. 'उंच डोंगर' याला आजची जपानी 'ताकाइ यामा' म्हणते, हाचिजोची जुनी माणसं 'ताकाके यामा' म्हणतात. हा 'के' बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या शिपायांचा आहे.

आता सोळाव्या शतकाकडे येऊ. इथे आपल्या गोव्याचा संबंध येतो. जपानमधून चार तरुण ख्रिस्ती दूत युरोपला गेले होते. ते परतले १५९० साली, आणि येताना सोबत छापखाना घेऊन आले. वाटेत त्यांचा मुक्काम गोव्यात होता. त्यांच्यापैकी हारा मार्तिन्यो यानं तिथं लॅटिनमध्ये केलेलं भाषण १५८८ साली गोव्यातच छापलं गेलं. पुढे जपानमधल्या जेझुइट छापखान्यानं पुष्कळ पुस्तकं काढली. त्यांतलं एक जुआंव रोद्रिगेश या पाद्रीचं जपानी व्याकरण, १६०४ ते १६०८ या काळात नागासाकीला छापलेलं. रोद्रिगेश सांगतो, शिकायची ती क्योतोची भाषा, दरबारची. बाकीच्या प्रांतांत लोक कसं बोलतात हेही तो सांगतो, पण 'हे दोष आहेत, टाळा' या सुरात. त्यानं त्या काळातली एक म्हणही नोंदवली आहे. 'अमुक ठिकाणी' जाणं सांगताना क्योतोत 'ए' हा प्रत्यय लावतात, क्युशू बेटावर 'नि' लावतात आणि पूर्वेकडे 'सा', असा तिचा आशय.

हा 'सा' आजही जिवंत आहे. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला त्सुगारु भाग आहे, कडाक्याच्या थंडीचा. तिथला एक संवाद जपानभर सांगितला जातो. रस्त्यात दोघं भेटतात. पहिला विचारतो, 'दो सा?' दुसरा म्हणतो, 'यु सा.' संपला संवाद. 'कुठं निघालास?' 'अंघोळीला', म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात. लोक हसून म्हणतात, थंडीत तोंड उघडायला नको म्हणून इतकं तोकडं बोलतात. खरं तर त्या एका अक्षरामागे निदान चारशे वर्षांची लेखी नोंद आहे.

इथवरच्या इतिहासात एक गोष्ट लक्षात ठेवा. शुद्ध भाषा म्हणजे क्योतोची आणि पूर्वेकडची भाषा रांगडी, असं जवळजवळ हजार वर्षं मानलं गेलं. आजचं तोक्यो त्याच पूर्वेकडच्या मुलखात आहे.

मग चक्र फिरलं कसं? १६०३ मध्ये तोकुगावा घराण्यानं एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, सत्तेचं केंद्र केलं. देश अडीचशेहून अधिक संस्थानांत विभागलेला होता आणि सामान्य माणसाला संस्थानाबाहेर फिरण्यावर बंधनं होती, त्यामुळे गावोगावच्या बोली आपापल्या जागी मुरत गेल्या. पण संस्थानिकांना आळीपाळीनं एदोत येऊन राहावं लागे, सोबत सरदार, शिपाई, नोकरचाकर. अशा सरमिसळीतून एदोची एक भाषा घडली आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिचं वजन वाढत गेलं. त्याच सुमारास, १७७५ साली, कोशिगाया गोझान या हायकू-कवीनं 'बुत्सुरुइ शोको' नावाचा देशभरच्या बोलींचा शब्दकोश काढला. वेगवेगळ्या प्रांतांत एकाच वस्तूला काय काय म्हणतात याची ती यादी आहे. तिच्यात कुतूहल आहे, कुणाला दुरुस्त करायची घाई नाही.

ती घाई आली १८६८ नंतर, मेइजी काळात. नव्या सरकारला एक सैन्य हवं होतं, एक शाळा हवी होती, एक कायदा हवा होता. आणि उत्तरेचा शिपाई दक्षिणेच्या अधिकाऱ्याचं बोलणं समजू शकत नव्हता. अडचण खरी होती, हे आपण मान्य केलं पाहिजे. इनोउए हिसाशी या नाटककारानं पुढे 'कोकुगो गान्नेन' नावाची कलाकृती लिहिली, १९८५ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली. १८७४ साली शिक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याला हुकूम होतो, साऱ्या देशासाठी एक बोलभाषा तयार कर. आणि त्याच्या स्वतःच्या घरात मात्र नाना प्रांतांची माणसं नाना बोलींत बोलत असतात. आपण हसतो, पण प्रश्न खराच होता.

त्याचं उत्तर ज्यानं ठामपणे दिलं, त्याचं नाव उएदा काझुतोशी. हा भाषाशास्त्रज्ञ जर्मनीत शिकून १८९४ साली परत आला. त्या वेळी चीनशी युद्ध चालू होतं. त्याच वर्षी त्यानं 'राष्ट्रभाषा आणि राष्ट्र' या विषयावर एक गाजलेलं व्याख्यान दिलं. भाषा ही जनतेच्या अंगातल्या रक्तासारखी आहे, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी त्यानं 'ह्योजुनगो', म्हणजे प्रमाणभाषा, ही कल्पना मांडली आणि तिचा पाया सुचवला: तोक्योतल्या सुशिक्षित लोकांची भाषा. क्योतोच्या माणसानं आपल्या बोलण्यातला एक शब्दही बदलला नव्हता. तरी हजार वर्षांची दरबारी भाषा आता एक 'होगेन', म्हणजे प्रांतिक बोली, झाली.

१९०२ साली राष्ट्रभाषा तपास समिती नेमली गेली. प्रमाणभाषा ठरवायची तर आधी देशात काय बोललं जातं ते कळायला हवं, म्हणून समितीनं प्रांताप्रांतांत प्रश्नावल्या पाठवल्या. १९०५ मध्ये उच्चारांचा अहवाल नकाशांसह निघाला आणि १९०६ मध्ये बोलभाषेच्या व्याकरणाचा. त्यात स्पष्ट दिसलं की एत्चू, हिदा, मिनो आणि मिकावा या जुन्या प्रांतांच्या पूर्व हद्दींवरून एक रेषा जाते आणि भाषेचे दोन भाग पाडते. नकारासाठी पूर्वेला 'नाइ', पश्चिमेला 'न'. 'आहे' या अर्थी पूर्वेला 'दा', पश्चिमेला 'जा' किंवा 'या'. स्वराघाताचा भेद तर गमतीचा आहे. 'हाशि' शब्दात पहिलं अक्षर चढं उच्चारलं तर तोक्योत अर्थ होतो जेवायच्या काड्या, क्योतोत होतो पूल. दुसरं चढं केलं की बरोब्बर उलट.

या पाहणीचा हेतू बोली जपण्याचा नव्हता, त्यांची जागा एका भाषेनं घ्यावी हा होता. तरीही जपानी बोलींचा पहिला देशव्यापी शास्त्रीय दस्तऐवज तोच ठरला.

आता शाळेत जाऊ. १९०४ पासून सरकारी पाठ्यपुस्तक सगळ्या देशात लागू झालं. पहिलीचं वाचनपुस्तक उघडलं की सुरुवातीला शब्द येतात ते 'इ', 'ए', 'सु' आणि 'शि' या अक्षरांचे. वर्णमालेचा क्रम सोडून ही चार का? कारण ईशान्येकडच्या तोहोकु भागातली मुलं 'इ' आणि 'ए' यांत आणि 'सु' आणि 'शि' यांत फरक करत नव्हती. त्यांच्या तोंडी 'सुशि', 'सुसु' म्हणजे काजळी, आणि 'शिशि' म्हणजे सिंह, हे तिन्ही शब्द जवळजवळ सारखेच येत. बाकीचे लोक या उच्चाराला 'झूझू-बेन' म्हणून चिडवत. विचार करा, सहा वर्षांचं पोर शाळेत येतं आणि त्याच्या पुस्तकाचं पहिलं पान आईकडून शिकलेला उच्चार सुधारण्यासाठी बेतलेलं असतं.

याच कामात इसावा शूजी नावाचे शिक्षणतज्ज्ञ होते. अमेरिकेत असताना ते अलेक्झांडर ग्रॅहम बेलकडे गेले होते. होय, टेलिफोनवाले बेल. बेलच्या वडिलांनी ओठ-जीभ कुठे ठेवायची हे दाखवणारी चिन्हांची लिपी केली होती, बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवण्यासाठी ती वापरत. ती पद्धत इसावा जपानला घेऊन आले आणि १९०९ साली तिच्या आधारे तोहोकुच्या लोकांचे उच्चार सुधारण्याचं पुस्तक काढलं. हेतू चांगलाच असेल. पण धडधाकट बोलणाऱ्या लाखो माणसांवर आता 'उपचार' सुरू झाले होते.

या दृष्टीचा शेवट कुठे झाला, हे पाहायला ओकिनावाला जावं लागतं.

ओकिनावा हे र्‍युक्यु राज्य होतं, स्वतःचा राजा असलेलं. १८७९ मध्ये जपाननं ते बरखास्त करून आपला प्रांत केला. तिथल्या भाषा जपानीच्या सख्ख्या बहिणी आहेत, पण तोक्योच्या माणसाला त्यातलं अवाक्षर कळत नाही. बेसिल हॉल चेंबरलेन या इंग्रज अभ्यासकानं १८९५ मध्येच या भाषेच्या व्याकरणावर ग्रंथ लिहून ते नातं दाखवून दिलं. आणि आणखी एक गोष्ट. जपानीतला आजचा 'ह' प्राचीन काळी 'प' होता, हा सिद्धांत कुणी मांडला? याच उएदा काझुतोशीनं. जपानीत फुलाला 'हाना' म्हणतात, मियाको आणि याएयामा बेटांवर 'पाना'. जुन्या 'प'चा तो साक्षीदार या दूरच्या बेटांवर होता आणि उएदानं त्याची साक्ष घेतली. म्हणजे संशोधक उएदाला ज्या बोली अनमोल वाटत होत्या, त्याच बोली त्याच्या शिक्षणधोरणात मोडीत निघत होत्या.

ओकिनावात प्रांतिक कार्यालयानं १८८० मध्येच दोन भाषांत संवाद शिकवणारं पुस्तक काढलं होतं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत शाळांतून 'होगेन फुदा' आली, म्हणजे बोलीची पाटी. लाकडाचा तुकडा, दोरी ओवलेला. वर्गात कुणी ओकिनावी बोलला की त्याच्या गळ्यात पाटी. सुटका कधी? तर त्यानं दुसऱ्या कुणाला ओकिनावी बोलताना पकडलं की. मुलं पाटी उतरवायला दुसऱ्याच्या पायावर मुद्दाम पाय देत. तो कळवळून 'अगा!' म्हणाला की झालं, 'आई गं' घरच्या भाषेत आलं, पाटी त्याच्या गळ्यात. शिक्षेचं काम मुलांनीच एकमेकांवर करायचं, अशी ती रचना होती.

पण आपण घाईनं निकाल देऊ नये. ही पाटी फक्त तोक्योनं लादली असं नाही. कितीतरी ओकिनावी शिक्षक आणि पालक मनापासून तिच्या बाजूनं होते. का? ओसाकाला कामाला गेलेल्या ओकिनावी माणसांना 'कोरियन आणि र्‍युक्युवाल्यांना मज्जाव' अशा पाट्या दिसत होत्या. हवाई आणि दक्षिण अमेरिकेत गेलेल्यांना इतर जपानी स्थलांतरित हिणवत होते. पोरांना हे भोगायला लागू नये, असं आईबापांना वाटलं तर त्यांना दोष कसा द्यायचा?

जानेवारी १९४० मध्ये यानागि मुनेयोशी तिथे गेले. जपानमधल्या लोककला चळवळीचे हे प्रणेते. सरकारी कचेऱ्यांतून चाललेली प्रमाणभाषेची सक्ती पाहून त्यांनी जाहीर टीका केली. प्रमाणभाषा शिकवा, पण स्वतःच्या भाषेची लाज का शिकवता, असा त्यांचा मुद्दा होता. शिक्षण विभागानं वर्तमानपत्रांतून उत्तर दिलं: तुम्ही पाहुणे आहात, आमच्या मुलांना पोट भरायचंय. वाद जवळजवळ वर्षभर चालला आणि बरेच ओकिनावी लोक यानागिंच्या विरोधात होते. आज आपल्याला दोन्ही बाजूंचं ऐकावंसं वाटतं. पण वादाचा निकाल पुढच्या पाचच वर्षांत युद्धानं लावला.

एप्रिल १९४५. अमेरिकी सैन्य ओकिनावाच्या मुख्य बेटावर उतरलं होतं. बेटाचं रक्षण करणाऱ्या जपानच्या ३२ व्या सैन्यदलानं हुकूम काढला की सैनिक असो वा नागरिक, ओकिनावी भाषेत बोलताना आढळेल त्याला हेर समजून त्याचा 'बंदोबस्त' केला जाईल. बेटावरच्या कित्येक म्हाताऱ्या माणसांना दुसरी भाषाच येत नव्हती. हेर असल्याच्या संशयावरून आपल्याच सैन्याच्या हातून ओकिनावी माणसं मारली गेली, ही इतिहासाची नोंद आहे. पन्नास वर्षांपूर्वी व्याख्यानाच्या मंचावरून भाषेला रक्ताची उपमा दिली गेली होती. त्या विचाराला असंही टोक आलं.

युद्धानंतर सूर बदलला. 'प्रमाणभाषा' हा शब्द मागे पडून 'क्योत्सूगो', म्हणजे सामाईक भाषा, हा मवाळ शब्द आला. १९४८ मध्ये राष्ट्रभाषा संशोधन संस्था निघाली. तिनं १९५७ ते १९६५ या काळात २४०० ठिकाणी पाहणी करून 'जपानचा भाषिक नकाशासंग्रह' तयार केला. सहा खंड, ३०० नकाशे, १९६६ ते १९७४ मध्ये प्रकाशित.

या नकाशांनी एका जुन्या कल्पनेला पुन्हा चर्चेत आणलं. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९३० साली गोगलगाय या एकाच प्राण्याच्या नावांवर पुस्तक लिहिलं होतं. क्योतोभोवती एक नाव, त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरं, त्यापलीकडे तिसरं, अशी वर्तुळं. पाण्यात दगड टाकल्यावर लाटा पसराव्यात तसे राजधानीतले शब्द बाहेर पसरत गेले, म्हणून सगळ्यात जुने शब्द देशाच्या दोन्ही टोकांना सापडतात, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक शब्दाला हे लागू पडत नाही. पण १९९० च्या सुमारास ओसाकाच्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमानं प्रेक्षकाच्या पत्रावरून शोध घेतला की 'मूर्ख' या अर्थी 'आहो' आणि 'बाका' या शब्दांची हद्द कुठे लागते. देशभरच्या गावांना प्रश्नावल्या गेल्या आणि नकाशा काढला तर काय? मध्ये क्योतो-ओसाकाचा 'आहो', पूर्वेला आणि पश्चिमेला दोन्हीकडे 'बाका'. म्हणजे ज्याला आपण गावंढळ म्हणतो, तो शब्द पुष्कळदा राजधानीचाच असतो, राजधानीनं टाकून दिलेला.

इकडे नकाशे होत होते आणि तिकडे बोलणारी माणसं गप्प होत होती. १९५४ पासून आओमोरीहून तोक्योच्या उएनो स्थानकाकडे खास गाड्या सुटू लागल्या, पंधरा-पंधरा वर्षांची मुलं कारखान्यांत आणि दुकानांत कामाला नेणाऱ्या. उच्चारावरून हसतात म्हणून तोंड न उघडणाऱ्या या पोरांच्या हकीकती त्या काळात खूप आहेत. त्याच काळातली, १९६० साली सुरू झालेली मात्सुमोतो सेइचो यांची 'सुना नो उत्सुवा' ही रहस्यकादंबरी बघा. खून झालेला माणूस झूझू उच्चारात बोलत होता, म्हणून पोलीस तोहोकुत शोधत फिरतात. शेवटी भाषा संशोधन संस्थेत कळतं की तसाच उच्चार पार पश्चिमेला इझुमो भागातही आहे. एका बोलीला देशानं चेष्टेचा शिक्का मारला की तिच्यापलीकडचं दिसत नाही, हे पोलिसांच्या चुकीतून छान कळतं.

आज चित्र काय? ओसाकाची बोली टीव्हीवरच्या विनोदवीरांमुळे दिमाखात आहे. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर तोहोकुत 'गानबाप्पे', म्हणजे 'नेट लावू या', असे फलक त्यांच्या बोलीतच लागले. बाहेरून आलेल्या मदतकर्त्यांना म्हाताऱ्यांचं दुखणं-खुपणं कळावं म्हणून बोलीच्या पुस्तिका निघाल्या. शंभर वर्षं जी बोली सुधारायची होती, ती आता डॉक्टरांनी शिकायची वेळ आली. दुसरीकडे, २००९ मध्ये युनेस्कोनं जपानमधल्या आठ भाषा धोक्यात असल्याचं सांगितलं. त्यांतली आइनु ही पूर्णपणे वेगळी भाषा. बाकीच्या सात म्हणजे हाचिजो आणि अमामीपासून योनागुनीपर्यंतच्या सहा र्‍युक्यु भाषा. यांना तोवर सरसकट 'बोली' म्हटलं जात होतं. ओकिनावानं २००६ पासून १८ सप्टेंबर हा 'शिमाकुतुबा' म्हणजे बेटांच्या भाषेचा दिवस ठरवला आहे. पण ज्यांच्या गळ्यात पाटी होती त्यांनी आपल्या मुलांशी घरात जपानीच बोलायचं ठरवलं, आणि त्या मुलांची मुलं आज आजीचं बोलणं समजू शकत नाहीत.

तर सुरुवातीचा प्रश्न. भाषेची बोली कधी होते? क्योतोच्या बाबतीत राजधानी हलली तेव्हा झाली. ओकिनावाच्या बाबतीत राज्य गेलं तेव्हा झाली. दोन्ही ठिकाणी भाषेत काहीच बिघडलं नव्हतं. सामाईक भाषेची गरज खरी होती आणि ती भागलीही, आज त्सुगारुचा माणूस आणि क्युशूचा माणूस एकमेकांशी निवांत बोलतो. पण ती गरज भागवायला मुलांच्या गळ्यात पाटी बांधायची आवश्यकता होती का, हा यानागिंचा १९४० सालचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. आणि तो विचारायला जपानलाच जावं लागतं असंही नाही.

आज इथं थांबू.